छातीत लूप रेकॉर्डर बसवलाय, पण त्यात काहीच सापडत नाही

कऱ्हाकाठ | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीनंतर माझ्या छातीत डाव्या बाजूला लूप रेकॉर्डर, म्हणजे हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, बसवला. त्याआधी मला अधूनमधून अचानक भोवळ यायची. एकदा वर्गात फळ्यासमोर आली, एकदा एसटी स्टँडवर रांगेत. शेवटची स्वयंपाकघरात आली आणि तीच सगळ्यांत वाईट होती. ओट्याची कड लागून कपाळाला टाके पडले. ईसीजी, टूडी एको, होल्टर, मेंदूचा एमआरआय, टिल्ट टेबल, सगळ्या तपासण्या झाल्या आणि प्रत्येक कागदावर 'नॉर्मल' लिहून आलं. मग हृदयतज्ज्ञ म्हणाले, भोवळ येणार वर्षातून दोन-तीनदा आणि होल्टर आपण लावणार चोवीस तास. ती सापडणार कशी? म्हणून हे यंत्र.

तेव्हापासून भोवळ नाही. दर वेळी रिपोर्टमध्ये 'विशेष नोंद नाही'. आमचे हे म्हणतात देवाची कृपा. जाऊबाई म्हणतात एवढे पैसे उगाच घातले. माझं मन मात्र कुठेच ठरत नाही. कारण कळायचं तर भोवळ यायला हवी, आणि ती यावी असं कोण म्हणेल? स्कूटी बंद केलीय. नातवाला उभ्याने कडेवर घेत नाही. बाथरूमची कडी लावत नाही.

ज्यांच्याकडे हे यंत्र आहे किंवा होतं, त्यांनी हा वाट बघण्याचा काळ कसा काढला? काय बंद ठेवलं, काय चालू ठेवलं? आणि किती दिवस थांबण्यात अर्थ असतो?

सह्यसखा | १२ जून, रात्री १०.०५

ताई, आधी तब्येतीला जपा. हे पेसमेकरसारखंच असतं का? माझ्या काकांना पेसमेकर आहे, त्यांचा डबा खांद्याखाली हाताला लागतो.

कऱ्हाकाठ | १२ जून, रात्री १०.२०

नाही हो. पेसमेकर हृदयाला ठोका देतो. हा काहीच देत नाही, नुसता नोंदवतो. हृदयात तारही जात नाही, कातडीच्या लगेच खाली बसतो. माझा ४५ मिमी लांब, ७ मिमी रुंद, ४ मिमी जाड आहे, वजन अडीच ग्रॅम. जागा बधिर केली, सेंटिमीटरभरही नसेल एवढी चीर दिली आणि साधनाने आत सरकवला. सिस्टर माझ्याशी मुलांच्या परीक्षांबद्दल बोलत होत्या, तेवढ्यात झालंसुद्धा. संध्याकाळच्या आत घरी.

पारिजातक | १२ जून, रात्री ११.१५

मी हृदयविभागात काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. इथलं वाचून कुणी गोळ्या बदलू नका, ही विनंती आधीच.

यंत्र दोन तऱ्हांनी नोंद जपतं. पहिली आपोआप. ठोके ठरवलेल्या मर्यादेबाहेर वाढले किंवा कमी झाले, मध्येच थांबले (साधारण ३ सेकंद किंवा जास्त), किंवा एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमितता दिसली, की तो तुकडा साठवला जातो. दुसरी तऱ्हा म्हणजे तुम्ही स्वतः फोनवरचं किंवा सोबतच्या रिमोटचं बटण दाबता तेव्हा. यंत्र सतत लिहीत असतं आणि मागचं पुसत असतं, त्यामुळे बटण दाबल्यावर त्या आधीची काही मिनिटंही हाती लागतात. म्हणजे पडून शुद्धीवर आल्यावर दाबलं तरी उपयोग होतो. घरातल्या प्रत्येकाला हे शिकवून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. 'काही सापडलं नाही' हे दोन अगदी वेगळ्या परिस्थितींत म्हटलं जातं. भोवळच आली नाही आणि नोंदही नाही, तर प्रश्न अजून उभाच आहे. पण भोवळ आली आणि त्या क्षणी हृदयाची लय व्यवस्थित होती, तर ते मोठं उत्तर आहे. लयीचा दोष नाही हे तिथे सिद्ध होतं आणि शोध दुसऱ्या दिशेला वळतो. तुम्ही पहिल्या परिस्थितीत आहात. थांबण्यात अर्थ आहे, कारण बॅटरी तेवढ्यासाठीच वर्षानुवर्षं चालेल अशी केलेली असते. जुन्या मॉडेलची साधारण ३ वर्षं, नव्यांची साडेचार आणि काहींची त्याहून जास्त.

बोरीबंदर | १३ जून, सकाळी ६.५०

पारिजातक मॅडमना दुजोरा. मी निवृत्त रेल्वेवाला. नोकरीत असताना प्लॅटफॉर्मवर कोसळलो होतो, रुळापासून हातभर अंतरावर. रेकॉर्डर बसवल्यावर पहिलं वर्ष पूर्ण कोरडं गेलं. घरचे म्हणायला लागले, बरे झालात. दुसऱ्या पावसाळ्यात भाजी आणायला गेलो आणि मंडईतच आडवा झालो. त्याच संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला, उद्या सकाळी उपाशीपोटी या. हृदय सलग ९ सेकंद थांबलं होतं. कागदावर ती सरळ रेघ मला दाखवली. माझ्या आयुष्यातली ती ९ सेकंदं मला अजिबात आठवत नाहीत, पण ती कागदावर आहेत. पेसमेकर बसला, त्यानंतर पडलो नाही.

ताई, वाट बघा. पण वाट बघताना घरात कोंडून घेऊ नका. मी रोज चालत होतो. फक्त रस्त्याच्या कडेने नाही, मैदानात.

तर्कट | १३ जून, सकाळी ९.३०

मला थोडं वेगळं म्हणायचंय. अशा यंत्रांचा अतिरेक होतोय असं मला मनापासून वाटतं. डेन्मार्कमध्ये २०२१ साली 'लूप' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरी ते नव्वदीतली सहा हजार माणसं घेतली, काहींना रेकॉर्डर बसवले, बाकीच्यांना नेहमीची तपासणी. रेकॉर्डरवाल्यांत एएफ जवळपास ३२ टक्क्यांना सापडलं, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांना. रक्त पातळ करायच्या गोळ्याही जास्त जणांना सुरू झाल्या. पण पक्षाघातात लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे शोधलं तर सापडतं, पण सापडल्याने भलं होतंच असं नाही. आपल्याकडे हा खर्च बहुतेकांना खिशातून करावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं की लगेच बसवायचं, हे मला पटत नाही.

टेम्सकाठी | १३ जून, दुपारी २.१०

तर्कट, तुमचा मुद्दा वाचला. पण आमची गोष्ट वेगळी आहे, ती सांगते.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या नवऱ्याला पन्नाशीत पक्षाघाताचा झटका आला. बोलणं गेलं होतं, मराठी आधी परत आलं, इंग्रजी नंतर. बीपी ठीक, साखर ठीक, मानेच्या रक्तवाहिन्या स्वच्छ. कारण सापडेना. मग रेकॉर्डर बसवला. पलंगाशेजारी एक छोटं यंत्र दिलं होतं, ते रात्री झोपेत माहिती गोळा करून पाठवायचं. वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी नर्सचा फोन आला की रात्री काही तास एएफ होतं. हा शेजारी शांत घोरत होता, त्याला पत्ताच नव्हता. त्या आठवड्यात ॲस्पिरिन बंद होऊन अपिक्सॅबान ही रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली.

झटका एकदा येऊन गेलेल्या माणसाच्या घरात दुसऱ्याची भीती कशी असते, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. रात्री तो कूस बदलला तरी मी 'नाव सांग, वार सांग' म्हणायची. कारण कळल्यावर पहिल्यांदा मी सलग झोपले.

पारिजातक | १३ जून, रात्री ८.४५

तर्कट यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, आणि टेम्सकाठी यांचा अनुभवही त्याला छेद देत नाही. तो डॅनिश अभ्यास पक्षाघाताचा धोका असलेल्या पण एएफ ठाऊक नसलेल्या वयस्कर लोकांची चाळणी होता. ज्यांना झटका येऊन गेला आणि कारण सापडलं नाही, त्यांच्यावरचा 'क्रिस्टल एएफ' हा अभ्यास २०१४ चा, ४४१ रुग्णांचा. १२ महिन्यांत रेकॉर्डरवाल्यांपैकी १२.४ टक्क्यांना एएफ सापडलं, नेहमीच्या पाठपुराव्यात २ टक्क्यांना. ३ वर्षांनी हे अंतर ३० आणि ३ असं झालं. एएफमध्ये हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं आणि ती गुठळी मेंदूत जाते. म्हणून तिथे औषधाची दिशाच बदलते. तोही अभ्यास एएफ सापडण्याबद्दलचा होता, पुढचे झटके किती टळले हे मोजण्याएवढा मोठा नव्हता, हे तर्कट यांच्या बाजूने सांगायला हवं.

आणि कऱ्हाकाठ यांचा प्रश्न तिसराच आहे, भोवळीचा. तीन वेगळी कामं आहेत, यंत्र एकच आहे. बसवायचं की नाही हे कशासाठी यावर ठरतं.

तर्कट | १३ जून, रात्री ९.२०

हे पटलं. माझा रोख सरसकट बसवण्यावर होता. टेम्सकाठी, तुमच्या यजमानांना आराम पडो.

वाशिष्ठी | १४ जून, सकाळी ७.१५

आमच्याकडे वेगळाच प्रश्न. सासरे गावी, चिपळूणपासून आत. त्यांचा रेकॉर्डर फोनशी जोडलेला. घरात रेंज नाही, अंगणात फणसाखाली उभं राहिलं तर एक काडी येते. पाऊस लागला की तीही जाते. दवाखान्यातून फोन माझ्या नवऱ्याला मुंबईत, 'तुमच्या वडिलांचं यंत्र संपर्कात नाही.' मग आम्ही घाबरून शेजारच्या काकूंना फोन, काकू ओरडून सासऱ्यांना, आणि सासरे परसात माडाला आळी करतायत. आता ठरवलंय, दर बाजाराच्या दिवशी फोन खिशात ठेवून नाक्यापर्यंत जायचं. नोंद तोवर यंत्रात राहते असं कळलं, मग जीव भांड्यात पडला.

बोरीबंदर | १४ जून, सकाळी ७.४०

वाशिष्ठी, सासरे माडाला आळी करतायत हाच उत्तम रिपोर्ट समजा. :)

पारिजातक | १४ जून, दुपारी १.३०

नोंद यंत्रात राहते हे खरं, पण साठवणीला मर्यादा असते. फार दिवस पाठवली नाही आणि नोंदी भरपूर झाल्या तर जुन्या जाऊ शकतात. नाक्याचा बेत छान आहे, चालू ठेवा.

इथे एक गोष्ट ठळक सांगते, कारण दवाखान्यात रोज तिचा खुलासा करावा लागतो. ही नोंद कुणी चोवीस तास डोळे लावून बघत नसतं. ती येते, कामाच्या वेळात कुणीतरी उघडतं, निवडतं, मग डॉक्टरांपर्यंत पोचते. छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर 'यंत्र आहे, कळेल त्यांना' म्हणून थांबू नका. १०८ लावा.

कऱ्हाकाठ | १४ जून, दुपारी ३.००

हे मला कुणीच एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी खरंच समजत होते की कुठेतरी पडद्यावर माझे ठोके कुणाला तरी दिसतायत. ऐकून थोडी एकटी पडल्यासारखी झाले, पण कळलं ते बरं झालं.

माहेरवाशीण | १४ जून, सायंकाळी ५.२५

बायकांसाठी काही गोष्टी, कारण पुरुष डॉक्टरांना विचारायचा संकोच होतो.

जागा साधारण उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, डावीकडे तिरकी असते. बसवण्याआधी ब्लाउजचा गळा कुठे येतो, ब्राची पट्टी कुठे येते ते घालून दाखवा. माझ्या सिस्टरने पेनाने खूण केली आणि सांगितलं, थोडं इकडे सरकवून चालेल. लांब मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या टाक्यांवर आपटायच्या, जखम भरेपर्यंत मी छोटं घातलं. टाके सुकेपर्यंत खांद्यापासून पाणी घ्यायचं नाही. त्यात दिवाळी आली, अभ्यंग नुसतं हातापायांना झालं.

आणि ज्यांना व्रण उंच, जाड होऊन वाढायची सवय आहे त्यांनी आधीच सांगा. छातीच्या मध्यावर ते जास्त होतं. माझा व्रण अजून खाजतो, विशेषतः उन्हाळ्यात. कुशीवर झोपताना बाळाने डोकं ठेवलं की टोचतो. बाकी महिनोन्महिने आठवणही येत नाही.

अंबाडी | १४ जून, रात्री १०.१०

मी कधी लिहीत नाही इथं, वाचतो. आज लिहितो.

आम्ही यवतमाळकडचे. माझ्या पोरीला आठवी-नववीपासून झटके येत. धावताना, कधी अचानक जोरात आवाज झाला की पडायची, हातपाय झाडायची. सगळे म्हणाले मिरगी. कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. कैक वर्षं खाल्ल्या, झटके थांबले नाहीत. कॉलेजात पोरगी दिवसभर पेंगायची. स्थळं यायला लागली तशी गावात कुजबुज, की मिरगीची पोरगी. तिच्या आईनं किती रात्री रडून काढल्या.

नागपूरला एका डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी तरुणपणी झोपेत किंवा पाण्यात गेलं का? माझा लहान भाऊ विहिरीत पोहताना गेला होता, त्याला पट्टीचं पोहता यायचं. डॉक्टर गप्प झाले. मग हेच यंत्र बसवलं. पुढच्या झटक्याला दिसलं की हृदयाची खालची बाजू बेफाम धावत होती, मिनिटाला दोनशेच्या वर. मेंदूला रक्त पोचत नाही म्हणून हातपाय झडत होते. लाँग क्यूटी नावाचा हृदयाच्या लयीचा दोष निघाला, घराण्यातून येणारा. आता बीटाब्लॉकर गोळी आणि शॉक देणारं यंत्र आहे. आमची सगळ्यांची तपासणी झाली, माझ्या पुतण्यातही निघालं, त्यालाही गोळी सुरू आहे.

कऱ्हाकाठ ताई, तुमच्या जाऊबाईंना सांगा, पैसे उगाच नाही गेले. आमच्या घरात त्या अडीच ग्रॅमनं दोन लेकरं वाचली.

टेम्सकाठी | १४ जून, रात्री १०.४०

अंबाडी दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. लेकीला खूप प्रेम.

पारिजातक | १४ जून, रात्री ११.००

अंबाडी, तुमची पोस्ट मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: बेशुद्ध पडताना हातपाय झडले म्हणजे मिरगीच, असं नाही. धावताना किंवा पोहताना शुद्ध जाणं, दचकल्यावर जाणं, घरात तरुण माणूस अचानक गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर साधा ईसीजी तरी काढा आणि तो हृदयतज्ज्ञाला दाखवा. आणि कुणी भोवळ येऊन पडलं तर कांदा-चप्पल नको. आडवं झोपवा, पाय उचलून धरा, श्वास चालू आहे का बघा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात, भरभर दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

अंबाडी | १५ जून, सकाळी ६.१५

वाचून दाखवा मॅडम. नाव गाव नको फक्त.

घड्याळवाला | १५ जून, सकाळी १०.३०

हल्ली मनगटावरच्या घड्याळात ईसीजी निघतो. मग कातडी कापून आत कशाला? मी रोज सकाळी काढतो, पीडीएफ मुलीला पाठवतो.

बोरीबंदर | १५ जून, सकाळी १०.५५

बेशुद्ध पडलेल्या माणसाने घड्याळावर बोट कुणाचं ठेवायचं, दादा? ३० सेकंद बोट धरावं लागतं. मला तर ९ सेकंदांतच जमीन भेटली. तुमची पीडीएफ मात्र चालू ठेवा, मुलीचा दिवस चांगला जात असेल.

घड्याळवाला | १५ जून, सकाळी ११.१०

हा हा, मान्य काका. धडधड होणाऱ्यांना उपयोगी, पडणाऱ्यांना नाही.

जुनेपाने | १५ जून, दुपारी ४.००

विषय निघालाच आहे म्हणून. ज्याच्या नावाने आपण 'होल्टर लावला' म्हणतो ते नॉर्मन होल्टर अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातले. १९४९ च्या सुमारास त्यांनी चालत्या माणसाचा ईसीजी रेडिओवरून पाठवणारं यंत्र केलं. ते पाठीवर घ्यायचं आणि वजन ३८ किलोच्या आसपास! त्याआधी ईसीजीचे जनक आइंथोव्हेन यांचं गॅल्व्हनोमीटर (ईसीजी काढायचं यंत्र) तर खोली भरून होतं, हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. आइंथोव्हेनना १९२४ चं नोबेल मिळालं. ३८ किलोपासून अडीच ग्रॅमपर्यंत एका माणसाच्या हयातीत आलो आपण. मला हे फार विलक्षण वाटतं.

सह्यसखा | १५ जून, दुपारी ४.२०

३८ किलो पाठीवर घेऊन चाललं तर निरोगी माणसाचेही ठोके चुकतील. :)

दादरचा_पाऊस | १५ जून, रात्री ९.१५

एक अप्रिय पण गरजेची गोष्ट लिहितो, राग मानू नका.

माझे वडील गेल्या वर्षी गेले, वेगळ्याच आजाराने. त्यांना हा रेकॉर्डर होता. विद्युतदाहिनीत नेलं तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने शांतपणे विचारलं, 'पेसमेकर वगैरे काही आहे का?' मी नाही म्हणणार होतो, कारण पेसमेकर नव्हताच. बहिणीला आठवलं. यातही बॅटरी असते आणि उष्णतेने ती फुटते. दवाखान्यातून आणतानाच काढून घ्यायला हवं होतं. मग ओळखीच्या डॉक्टरांनी येऊन पाच मिनिटांत काढून दिलं. त्या कर्मचाऱ्याचे मी आजही आभार मानतो. घरात कुणाकडे हे यंत्र असेल तर एका तरी माणसाला ही गोष्ट माहीत असू द्या.

पारिजातक | १५ जून, रात्री ९.५०

अतिशय महत्त्वाचं. यंत्रासोबत मिळालेल्या कार्डावर ठळक लिहून ठेवा. जिवंतपणीही बॅटरी संपल्यावर ते काढता येतं, तशीच छोटी चीर देऊन. काही जण तसंच ठेवतात.

ढोलपथक | १६ जून, सकाळी ८.३०

मलाही बसवलाय, वय ३४. दोन प्रश्न. ढोल वाजवला तर चालेल का? आणि कपालभातीच्या दिवशी माझ्या रिपोर्टमध्ये 'विराम' आला होता, पण मी तर ठणठणीत होतो. ऑफिसात बसून घाम फुटला होता मला ते वाचून.

पारिजातक | १६ जून, दुपारी १.००

खोटी नोंद असू शकते. यंत्र कातडीखाली आहे, तिथे मिळणारा संकेत लहान असतो. जोराच्या श्वासाने, कूस बदलल्याने तो आणखी बारीक झाला की यंत्राला ठोका दिसतच नाही आणि ते 'विराम' लिहितं. मधूनमधून पडणाऱ्या जादा ठोक्यांना ते एएफही समजतं. म्हणून माणसाने रेघ बघितल्याशिवाय रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही, आणि तुम्ही ॲपवरचा शब्द वाचून घाबरायचं नाही. वारंवार होत असेल तर यंत्राची संवेदनक्षमता बाहेरूनच जुळवून घेता येते.

ढोल: जखम पूर्ण भरल्यावर आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पट्टा त्या जागेवर घासणार नाही एवढं बघा. पण तुम्हाला बसवलं कशासाठी, हे आधी. भोवळीसाठी असेल तर मिरवणुकीत उपाशी, उन्हात, पाणी न पिता उभं राहणं हाच मोठा धोका.

माहेरवाशीण | १६ जून, दुपारी १.२०

मिक्सर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन यांचं काय? सासूबाई मला इंडक्शनजवळ फिरकू देत नाहीत. मला ते आवडतं, तरी विचारते.

पारिजातक | १६ जून, दुपारी १.४५

पेसमेकरच्या बाबतीत लोहचुंबक, इंडक्शन यांचं अंतर पाळतात, कारण पेसमेकरचं काम बिघडलं तर ठोक्यावर परिणाम होतो. हा फक्त नोंद करतो, अडथळा आला तर फार तर नोंद खराब होईल. सोबतच्या पुस्तिकेत दिलेलं अंतर पाळा आणि घरकाम करा. विमानतळावर कार्ड दाखवा. एमआरआय बहुतेक नव्या यंत्रांसह चालतो, पण आधी कळवा म्हणजे साठलेली नोंद काढून घेतील. सासूबाईंना यातलं किती सांगायचं ते तुम्ही ठरवा!

कऱ्हाकाठ | २१ सप्टेंबर, रात्री १०.३०

मंडळी, खूप दिवसांनी. सांगायचं होतं म्हणून आले.

गणपतीत आमच्या वाड्यात आरती लांबली. दिवसभर उपास, हॉलमध्ये गर्दी, कापराचा धूर. कानात आवाज दूर गेला, डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. बोरीबंदर काकांचं आठवलं, उभं राहायचा हट्ट केला नाही, तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. पूर्ण शुद्ध गेली नाही. सुनेने पर्समधून फोन काढून बटण दाबलं, तिला मी जूनमध्येच शिकवलं होतं.

नोंद आली. आधी ठोके वाढले, मग हळूहळू पन्नासच्या खाली उतरले, आणि परत चढले. विराम नाही, बेफाम धावणं नाही. डॉक्टर म्हणाले, हे बीपी एकदम उतरण्याचं चित्र दिसतं, आत्ता पेसमेकर लागणार नाही. भरपूर पाणी, बीपी वाढत नसेल तर जेवणात थोडं मीठ, उपास बंद, आणि अंधारी यायला लागली की पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट दाबायच्या. मी घरी सराव करते, नातू बघून तसंच करतो.

बोरीबंदर | २२ सप्टेंबर, सकाळी ६.४५

ताई, वाचून फार आनंद झाला. म्हणजे शेवटी उत्तर मिळालं.

पारिजातक | २२ सप्टेंबर, दुपारी २.२०

आनंद मलाही आहे. पण अर्धं उत्तर म्हणू या. ही अंधारी होती, पूर्ण भोवळ नव्हती. ओट्यावर आपटलात ती कसलीही सूचना न देता आली होती असं दिसतं. दोन्हींचं कारण एकच असेलच असं नाही. अशाच भोवळीत काहींचं हृदय लांब थांबतं, आणि रेकॉर्डरमध्ये तसा विराम सापडलेल्या चाळिशीपुढच्या निवडक रुग्णांना पेसमेकरचा फायदा झाल्याचं २०१२ च्या 'इश्यू-३' अभ्यासात दिसलं. बोरीबंदर काकांचं तसंच काहीसं असावं. म्हणून यंत्र राहू द्या, पाठवणं चालू ठेवा. स्कूटीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी वेगळं बोला, ते मी इथून ठरवणार नाही.

कऱ्हाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री ९.१०

डॉक्टरही हेच म्हणाले, यंत्र राहू दे. पण जूनमध्ये मी ज्या घाबरटपणात होते तो आता नाही. तेव्हा प्रत्येक कोरडा रिपोर्ट मला टांगून ठेवायचा. आता माहीत आहे की बसायचं कधी, बटण कुणी दाबायचं आणि फोन कुणाला लावायचा. जाऊबाईंना अंबाडी दादांची पोस्ट वाचून दाखवली. काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्याचा ईसीजी काढून आणला. त्याला खेळताना चक्कर यायची म्हणे, कधी सांगितलंच नव्हतं. नॉर्मल आहे, तरी हृदयतज्ज्ञांना दाखवणार आहेत.

नवीनसभासद | ३० सप्टेंबर, रात्री ११.५५

पूर्ण धागा वाचला. माझ्या आईला गेल्या महिन्यात सौम्य झटका आला, कारण सापडलं नाही, उद्या डॉक्टरांशी रेकॉर्डरबद्दल बोलायचंय. काय काय विचारू?

टेम्सकाठी | १ ऑक्टोबर, पहाटे ४.३०

आधी हे विचारा की एएफ सापडलं तर आईची औषधं नेमकी काय बदलतील, आणि तिच्या वयात, तिच्या पोटाच्या-किडनीच्या तब्येतीत त्या गोळ्या देता येतील का. देता येणारच नसतील तर शोधून उपयोग कमी. मग विचारा, नोंद कोण बघतं, किती दिवसांनी, आणि रविवारी काय. दर महिन्याचे किंवा वर्षाचे वेगळे पैसे आहेत का. विमा कंपनीकडून आधी लेखी मंजुरी घ्या, कारण रुग्ण रात्रभर भरती न राहता त्याच दिवशी घरी जातो आणि त्यावरून दावा अडू शकतो. आणि आईला विचारा, तिला हवंय का. माझ्या नवऱ्याला हा शेवटचा प्रश्न कुणीच विचारला नव्हता, मी विचारला.

वाशिष्ठी | १ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

आणि आईच्या घरात रेंज कुठे येते तेही बघून जा.